राहून गेलेली प्लेट

वाघोली,
मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४
सकाळी सव्वादहा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू कशी आहेस हे आज विचारणं बरं दिसत नाही, पण मला पत्राची दुसरी सुरुवात येत नाही. मी याच हॉस्पिटलात, तुझ्या अगदी खाली आहे, तळमजल्यावर, औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर. माझा फोन तू साडेतीन वर्षं उचललेला नाहीस. काल वॉचमनला ‘या बाईंना वर सोडू नका’ म्हणालीस, तेही मी ऐकलं. तो बिचारा आज मला चहा हवा का विचारून गेला. म्हणून हे पत्र. आयसीयूतल्या मावशी, विमलाबाई, ते वर आणून देतील. फाडायचं असेल तर पुढची ओळ वाचून फाड.

भाऊजींना टीबी नाही.

त्यांच्या मानेच्या गाठीतला पू गुरुवारी आमच्या लॅबला आला. तो आम्ही दोन प्लेटांवर पसरतो. एकीत रक्त घातलेलं असतं, दुसरी गुलाबीसर, तिला मॅकॉन्की म्हणतात. त्यावर जंतू ठिपक्या-ठिपक्यांनी उगवतात, त्या कॉलनी. रंग, कडा, चमक बघून आम्ही जंतू ओळखतो, जशी तू मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन सांगतेस की हा आंबेमोहोर नव्हे, दुकानदाराने फसवलंय.

हा जंतू लबाड आहे. पहिल्या दिवशी बारीक, फिकट, कुणी ढुंकून बघणार नाही असा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉलनी कोरडी पडते आणि गार दुधावरच्या सायीसारखी सुरकुतते. आता आमची लॅब सदाशिव पेठेतली. शनिवारी दुपारी दोनला बंद, आणि त्याआधी सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरमध्ये, घालून संपवायच्या. आम्हाला रविवार पाळायचा असतो, म्हणून जंतूंनीही शनिवारपर्यंत काय ते उरकावं. गुरुवारी आलेल्या पुवाला आमच्याकडे चौथा दिवस मिळतच नाही.

भाऊजींची एक प्लेट इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात मागच्या ट्रेखाली सरकून राहिली. काल सकाळी आमची नवी टेक्निशियन पूर्वा ती घेऊन आली. “मॅडम, ही टाकायची राहिली वाटतं,” म्हणाली. झाकणातूनच दिसलं. सुरकुतलेल्या, कोरड्या कॉलनी. स्लाइड केली तर दोन्ही टोकांना रंग धरलेला, मधे कोरा. काल लावलेल्या औषधांच्या टिकल्या आज सकाळी वाचल्या. जेंटामायसिनच्या टिकलीला चिकटून जंतू वाढलाय, आणि त्याच घराण्यातलं इंजेक्शन भाऊजींना चालू आहे असं फॉर्मवर लिहिलंय. त्याचा काही उपयोग नाही, ताई. टीबीच्या गोळ्यांचाही नाही.

हा जंतू मातीत राहतो आणि साखर असलेल्या माणसाला धरतो. जुलैत भाऊजी बागेतल्या चिखलात अनवाणी उभे होते. आमोदने स्टेटसला फोटो टाकला होता. तुझं दिसत नाही मला, तुझ्या मुलाचं दिसतं. त्यालाही मेसेज केलाय, पण तो विमानात आहे.

लॅबचे मालक अभय सर म्हणतात, मोठ्या लॅबकडून गुरुवारी खात्री येऊ दे, तोवर कागद बाहेर जाता कामा नये. इथले मोठे डॉक्टर टेक्निशियनशी बोलत नाहीत. सकाळी त्यांच्या केबिनबाहेर मी दीड तास उभी होते. नातेवाइकाने विचारलं तर मात्र त्यांना उत्तर द्यावं लागतं. गुरुवारपर्यंत भाऊजी तग धरतील असं मला वाटत नाही. सोबतचा कागद डॉक्टरांच्या हातात दे आणि या जंतूवर चालणारं मेरोपेनेम आजच सुरू करायला सांग. आधीच्या रिपोर्टमध्ये चूक झाली होती, ती सुधारायला वेळ फार थोडा आहे.

तुझी,
मंदा


त्याच बाकावरून, दुपारी पाऊण

ताई,

विमलाबाई आत्ता खाली आल्या. कागद त्यांच्याच हातात होता. म्हणाल्या, “वाचलं बाईंनी. म्हनल्या, चूक झाली असं लिव्हलंय, कुनी केली ते लिवायचं ऱ्हायलंय. आन् म्हनल्या, तिच्या लॅबनं एकदा काय ते सांगितलंय ना.”

मी केली.

सकाळी हे लिहायला घेतलं आणि पेन आपोआप ‘चूक झाली’कडे वळलं. बावीस वर्षं रिपोर्ट लिहितेय, त्यात मी कुठेच नसते. सवय लागते.

प्लेट आधी वाचायची, नाव नंतर. पूर्वाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवलं. शुक्रवारी मी स्वतः फॉर्म आधी उचलला. भाऊजींचं नाव आणि तुझं अक्षर. मला लगेच आईच्या वेळची ती लोणच्याची बाटली आठवली, आणि प्लेटकडे बघायच्या आत माझं ठरलं होतं की यात बाहेरची घाणच असणार. चार फिकट ठिपके दिसले. मी ‘कंटॅमिनेशन’ लिहिलं आणि सही केली. दहा सेकंद लागले नसतील. पू डॉक्टरांनी सुईने काढला होता, तुझा हातही लागला नव्हता. तेही फॉर्मवर होतं. त्या एका शब्दामुळे इथल्या डॉक्टरांनी दुसरा विचार सोडून टीबीच धरून ठेवला. चार दिवस गेले.

बाटलीचंही सांगते, कारण आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. आईच्या तेराव्याला, पानं वाढलेली असताना, सगळ्यांसमोर मी म्हणाले की नीट न धुतलेल्या बाटलीतून तू लघवी आणलीस, त्यात दोन दिवस फुकट गेले, तू आईला घालवलंस. तू हातातलं वाढप खाली ठेवलंस आणि स्वयंपाकघरात गेलीस. ताई, आईच्या रक्तात जंतू त्याआधीच पसरला होता. ते कल्चर मीच वाचलं होतं. ते दोन दिवस मिळाले असते तरी ती राहिली नसती, हे मला त्या पानावर बसलेली असतानाही ठाऊक होतं. मला कुणावर तरी ते टाकायचं होतं आणि तू समोर होतीस. साडेतीन वर्षं तू ते बाळगलंस आणि मी बाळगू दिलं. मला याची फार लाज वाटते.

अजून एक आहे. ते लिहायला हात धजत नाही.

फॉर्मच्या तळाशी, इतर सूचनांच्या रकान्यात, तू लिहिलं होतंस, ‘मंदाकिनी यांनी स्वतः बघावे.’ इतक्या वर्षांत तू माझ्याकडे एक गोष्ट मागितलीस. मी ती ओळ वाचली. वाचून मला बरं वाटलं, की आता आली माझ्या दारात. आणि मी बघितलं नाही.

सोबत नवा कागद जोडते. सकाळच्या कागदावर ‘लॅबकडून’ होतं, यावर ‘माझ्याकडून’ आहे. अभय सर करतील ते करोत. हा डॉक्टरांना दे. त्यांच्यासमोर मला हवं ते बोल, केस करीन म्हण, म्हणजे ते तरी लक्ष देतील. मला माफ करू नकोस, खालीही येऊ नकोस. फक्त औषध आज बदलू दे. मी हात जोडते, ताई. विमलाबाई सांगतात की भाऊजींना आता नळीतून श्वास देताहेत. उद्या हे औषध द्यायला कुणी उरेल का, मला माहीत नाही.

बहीण म्हणून सही करायचा हक्क मी त्या तेराव्याला घालवला. तेव्हा कागदावर आहे तीच इथे करते.

मंदाकिनी आगाशे
वरिष्ठ टेक्निशियन
२७ सप्टेंबरचा चुकीचा रिपोर्ट हिने दिला.

ता. क. या वेळी मी स्वतः बघितलं आहे.