उलटा धरलेला माउथ ऑर्गन

जुळे सोलापूर,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवूअण्णा,

तुला शरणु, वैनींनाही सांग. पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. दोन दिवाळ्यांना फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून कागद घेतला. न वाचता पत्र फाडणारा माणूस तू नव्हेस, एवढं मला ठाऊक आहे.

इकडं सगळं बरं. आमच्या ह्यांची शुगर आटोक्यात आहे, रुपाली पुण्याला नोकरीला लागली, आणि मी पन्नाशी ओलांडल्यावर माउथ ऑर्गन शिकते आहे. हसलास ना? हस. आमचे हे तर रोज हसतात. "त्यापेक्षा कुकरची शिट्टी बरी, निदान भात तरी शिजतो," म्हणाले. मी म्हटलं, तीस वर्षं तुमचं घोरणं ऐकलं, आता तुम्ही माझं ऐका.

खरं सांगायचं तर पोरगी पुण्याला गेल्यावर घर खायला उठलं होतं. नव्या पेठेत पडद्याचं कापड घ्यायला गेले आणि हा तोंडाचा बाजा घेऊन आले. चोवीस छिद्रांचा, आपला होता तसलाच. अप्पांनी गड्ड्याच्या जत्रेतून आणला होता, दोघांत एक. तू वाजवून झालं की शर्टाला पुसून मला द्यायचास आणि अव्वा आतून ओरडायची, "उष्टं कशाला देतोस रे तिला!" आपण ऐकायचो होय!

शिकवायला बिभीषण सर आहेत. रेल्वेत गार्ड होते. जन्मभर शिट्टी फुंकली, आता जरा सुरात फुंकतो, म्हणतात. कॉलनीतल्या मंदिराच्या हॉलमध्ये आम्ही सातजण बसतो, एकजात चष्मेवाले. पहिल्याच दिवशी मी ऐटीत सांगितलं, मला येतं, नुसती उजळणी करायची आहे. आणि तोंडाला लावला. खरंच आलं रे अण्णा! तीस वर्षांनी! सा फुंकायचा, रे ओढायचा, वर गेल्यावर ध आणि नी दोन्ही ओढायचे, ओठांना सगळं पाठ होतं. दम मात्र दोन ओळींत संपला.

सर जवळ आले. म्हणाले, "बाई, तुम्ही उलटा धरलाय की हो." खालचे सूर डाव्या हाताला पाहिजेत, माझे उजव्या हाताला. म्हणजे पहिल्यापासून सगळं उलटंच. सगळे हसले. आणि मी काय बोलले असेन? विचारसुद्धा केला नाही, तोंडातून निघूनच गेलं. "माझ्या भावानं शिकवलंय. त्याचं सगळं असंच."

घरी येऊन आरशापुढं उभी राहिले, सुलटा धरायची सवय करायला. दोन मिनिटांत डोक्यात प्रकाश पडला. आपण ओट्यावर समोरासमोर बसायचो. तू नीटच धरायचास. मी समोरून बघितलं आणि तुझ्या डाव्या हाताचं माझ्या उजव्या हाताला घेतलं. चोवीस वर्षं मैदानात पोरांपुढं उभं राहून कवायत घेणारी बाई मी. पोरांना डावा हात वर करायला लावायचा तर आपण उजवा करायचा, हे रोज करते. आणि एवढं मला कळू नये!

तुला मात्र दिसलं असणार. रोज समोर होतास. मी खुशीत वाजवतेय म्हणून तू काही बोलला नाहीस.

मग पलंगावर बसले आणि रडले. बाजासाठी कोण रडतं? पण चूक माझी आणि नाव तुझं, हे मी पहिल्यांदा केलेलं नव्हतं. कशाबद्दल म्हणते आहे ते तुला कळलं असेल. तीनदा कागद फाडला, आता फाडणार नाही.

अप्पा गेले त्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी मला फोन केला होता. "धनू, छातीत भरून आल्यागत होतंय. शिवू तुरीच्या कामाला गुलबर्ग्याला गेलाय, त्याला घाबरवू नको. तू येतीस का?" वैनी घरातच होत्या, पण सुनेला दुखणं सांगणाऱ्यांतले नव्हते ते. आणि मी म्हटलं, "अप्पा, आज शाळेची तपासणी आहे, उद्या येते. सोडा प्या आणि जरा पडा." ते म्हणाले, "बरं." तपासणी झाली. साहेबांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं. चार वाजता वैनींचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात, साऱ्या भावकीपुढं, मी ओरडले, "घरात बाप मरत होता आणि हा गावोगाव हिंडत होता!" मला कुणी काही विचारायच्या आत मी तुझ्याकडं बोट केलं. भीती वाटत होती रे, फार भीती वाटत होती. तू मान खाली घातलीस. मी मनाला सांगितलं, बघ, चुकलाय म्हणूनच गप्प आहे. सात वर्षं तेवढ्यावर काढली.

अण्णा, अप्पांचा मोबाईल त्या तिसऱ्या दिवशी तुझ्याच खिशात होता. शेवटचा फोन कुणाला लागला होता, ते तू बघितलंच असशील. तो काढून भावकीला दाखवला असतास तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती. तू नाही काढलास. मी तुला चारचौघांत उघडं पाडत होते आणि तू मला झाकत होतास. हे कळायला मला एवढी वर्षं लागावीत, याची लाज वाटते.

परवा अक्कलकोटला जाऊन बसव्वा आत्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी माझी बाजू घेऊन सगळ्यात मोठ्यानं तीच बोलली होती ना. आत्या म्हणाली, "धने, सात वरसं त्या लेकराच्या घरचं पानी पिले न्हाय की गं मी. तुज्या एका शब्दापायी." मग शिव्या दिल्या. मराठीतल्या पुरल्या नाहीत तेव्हा कानडीतून दिल्या. मी ऐकून घेतल्या, सगळ्या माझ्याच होत्या.

सरांनाही वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, भावानं नीटच शिकवलं होतं, मीच उलटं घेतलं. आता सुलटा धरून पहिल्यापासून शिकते आहे. ओठ जुन्या जागी धावतात, सा म्हणून भलताच सूर निघतो, लई चिडचिड होते. पण जमेल. मी मनावर घेतलं की जमतं, तुला माहीत आहे.

रविवारी अप्पांची पुण्यतिथी. सकाळच्या गाडीनं मी आणि आत्या दुधनीला येतोय. भावकीतल्या सगळ्यांना मीच फोन करून तुझ्या अंगणात बोलावलंय. तुला न विचारता बोलावलं, रागावू नकोस. जे तिथं बोलले ते तिथंच, त्याच माणसांपुढं, तेवढ्याच मोठ्यानं मागं घेणार आहे. तपासणीचंही सांगणार, सोड्याचंही सांगणार. त्यानंतर लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत.

तू दार उघडं ठेव नाहीतर लावून घे, तो तुझा हक्क. लावलंस तरी मी बोलून झाल्याशिवाय अंगणातून हलणार नाही. आतून तुला ऐकू येईल.

अप्पांनी बोलावलं तेव्हा न आलेली,
तुझी बहीण,
धनलक्ष्मी