उदगीरहून पुढचे दोन तास

लातूर, मंगळवार, अंगारकी. दिवेलागण.

उपास धरून दिवसभर खोटं बोलले. देव काय म्हणत असेल?

काल सकाळी शिकागोहून विलासभाऊजींचा फोन आला, "वहिनी, माझे कागद अडकलेत, येणं होत न्हाई." इकडं डॉक्टरांनी सासूबाईंना घरी न्या म्हणून सांगितलेलं. त्या तर गंगाजलसुद्धा धाकट्याच्याच हातून घेणार म्हणून अडून बसलेल्या. मीच सांगून टाकलं, भाऊजी निघाले.

ह्यांनी मोबाईलवर बघितलं. शिकागो ते हैदराबाद तेरा हजार किलोमीटर, विमान बदलून बावीस तास. ते बावीस तास मी कसेही ढकलले. समुद्रावर हायेत, दुबईत हायेत. विमानातलं सासूबाईंना काय ठाऊक? पण सकाळी हैदराबाद आलं, आणि तिथून पुढचा रस्ता त्यांच्या माहेरचा. "बिदर आलं का गं?" सारखं विचारणं. चारला मी उदगीर सांगितलं. उदगीरहून लातूर दोन तास. सहा वाजून गेले. आता भाऊजींना कुठं थांबवू?

देवापुढं दिवा लावून आले, तर त्याच म्हणाल्या, "थकलं असंल लेकरू. आज उदगीरला मामाकडंच मुक्काम कर म्हणावं."

मामांच्या घराला पाच वर्षं कुलूप आहे. सासूबाई स्वतः भावाच्या मातीला गेल्या होत्या.

मी "हाव" म्हणाले. मग माझ्याकडं बघत त्यांनी तोंड उघडलं. मी पळीनं गंगाजल घातलं, अर्धं उशीवर सांडलं.