खालच्या फळीवरचा कॅन

बाबा, तुझ्या दुकानात तीन म्हाताऱ्या बॅटऱ्या मांडून बसले आहे आणि मला बसवत नाही. एका तांडेलाने आणल्यात, त्याला होडीसाठी त्यातली एक तरी जिवंत हवी. पहिलीला कमी करंटवर दोन दिवस चार्जिंग लावलं. दुसरीत एप्सम मीठ विरघळवून घातलं, मोबाइलवर कुणीतरी दाखवत होता. तिसरी बल्ब लावून उतरवली, भरली, परत उतरवली. तिच्यात जीवच नाही. मिठाची मात्र लगेच तोऱ्यात आली, मीटरवर साडेबारा व्होल्ट. मला वाटलं, झालं. तुझ्यासारखा हेडलाइटचा बल्ब जोडला, तर पंधरा मिनिटांत त्याचा काजवा झाला. राहिली पहिली.

तांडेल सकाळपासून दारात. नारळी पौर्णिमा झाली, उद्या बाहेर पडायचंय. दिवे, वायरलेस, सगळं हिच्यावरच. मी म्हटलं, तीन दिवस नुसती ठेवणार, मग बल्ब लावणार, टिकली तर देणार. तो म्हणतो, "बाये, बॅटरी आसा ती. माहेरवाशीण नाय, तीन दिस ठेवन घेवक." मी म्हटलं, मग घेऊन जा मेल्या, आणि काळोखात वल्ही मार. बोलले खरी, पण देऊन मोकळं व्हायला हात माझेच शिवशिवत होते.

तीन दिवस ही तुझी रीत. "भरली म्हणजे बरी झाली असा नाय गो," म्हणायचास. मी चौथीत शाळा सोडलेली, मला कसलाच धीर नाही. शाळा सोडली त्याच वर्षी एकदा तू कुणकेश्वरला गेला होतास. होडीच्या बॅटरीत पाणी कमी, डिस्टिल वॉटरचा कॅन माळ्यावर. शिडी कोण आणणार? मी खाडीकडच्या विहिरीचं तांब्याभर आणून ओतलं. ते पाणी आपण पीतसुद्धा नाही, इतकं खारट. आठवड्याच्या आत ती बॅटरी समुद्रात मेली. होडी दिवसभर भरकटली, दुसऱ्या होडीने ओढून आणली. माणसं वाचली. मालक दारात ओरडत होता, आणि तू हात जोडून म्हणालास, "चूक माझी." त्यानंतर होडीची बॅटरी तू कधी दुरुस्तीला घेतली नाहीस. मी तेव्हा चुलीपाशी, लाकडं पुढे सारतेय.

इतक्या वर्षांनी यंदा मी पुन्हा होडीची बॅटरी घेतली. आज पहिलीची झाकणं उघडली, पाणी कमी दिसलं, तर न बघता हात खाली गेला. कॅन तिथेच, खालच्या फळीवर. माळ्यावरून तो खाली कधी आला? होडी ओढून आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझे गुडघे दुखतात म्हणून असेल, असं धरून चालले होते. पण त्या फळीसाठी तुला वाकावं लागायचं. आता मलाही लागतं. ती माझ्या तेव्हाच्या हाताच्या उंचीची आहे.

तांडेल शिव्या देत गेलाय, तीन दिवसांनी परत येईल. बॅटरी नुसती ठेवलीय, तरी मी दोनदा उठून मीटर लावून आले. तू गेलास, आता ही चिठ्ठी पाठवायची कुठे? कॅनखाली सारते. तुला ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून कधी निघालं नाही: पाणी मी घातलं होतं, बाबा.