तोणीचं तिसरं शीड

२१ एप्रिल
तिसरं शीड गायब! पेटी उघडली, आत दोनच. आमची तोणी, जुनं शिडाचं गलबत, कोलंबोला मीठ-मिरची वाहायची तेव्हाचं, हातशिलाईचं. आता ती तंजावरात, आमच्या संग्रहालयाच्या आवारात ठोकळ्यांवर उभी. शीड काय वाऱ्यानं उडालं? किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, व्यवस्थापक म्हणून. दुसरी झाडलोट करणाऱ्या वासुकीकडे.

२२ एप्रिल
तिचा बाप याच तोणीवर खलाशी होता. म्हणजे किंमत ठाऊक! आज माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. डबा तसाच परत नेला. का?

२३ एप्रिल
ट्रस्टी रामस्वामींसमोर विचारलं. ही आपली एकच म्हणते, "सार, घरी विचारा." माझ्या घरी? काय धिटाई! रामस्वामी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." नऊ वर्षांची नोकरी गेली. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बरं नाही वाटलं. पण मी काय करू?

२४ एप्रिल
तिचा नवराही सामील असणार. ही वही नागरीत आहे म्हणून बरं — घरात मराठी बोलतात, पण नागरी घरात, ऑफिसात कुणाला वाचता येत नाही.

२६ एप्रिल, रविवार
बायकोनं, अखिलेनं, हाक मारली, "अहो, वडाम उचलायला या, माझे गुडघे धरलेत." या उन्हात मी कधी गच्चीवर जात नाही. गेलो. वडामाचं वाळवण घातलं होतं — शिडावर! तेच टाके, कडेला तीच दोरी.

"हे कुठनं आणलंस?"

"तुम्हीच नाही का पाठवलंत? मी जुनी पाय मागितली, वासुकी ऑटोतनं देऊन गेली. केवढी जाड!"

मेलो! रजेवर होतो तेव्हा मीच वासुकीला फोन केला होता, तमिळात — जुनी पाय घरी दे. आमच्या घरच्या मराठीत पाय म्हणजे चटई. मला हवी होती ती ऑफिसातली कोपऱ्यातली, कोरई गवताची. तमिळात मात्र चटईही पाय आणि शीडही पाय! खलाशाच्या लेकीला दुसरं काय सुचणार?

तिला वाटलं, मीच शीड लांबवलं. तरी रामस्वामींपुढे माझं नाव घेतलं नाही! आणि मी तिला चोर ठरवलं. लाज वाटते. देवा, फार लाज वाटते. उद्या आधी तिच्या घरी जायचं, मग ऑफिस.

२७ एप्रिल
आधी ऑफिसलाच गेलो. शीड झटकून पेटीत ठेवलं. रामस्वामी खूश. "बघा, घाबरून परत आणून टाकलं तिनं!"

मी म्हटलं, "हो सार."