सोमवारचं वजन

संगमनेर,
दि. ९ डिसेंबर १९९६

आदरणीय वहिनीस,
जयमालाचा सप्रेम जय भीम.

तुझं आणि तुषारचं बरं असेल अशी आशा करते. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी नदीकडून धुकं येतं आणि आमच्या खानावळीत जेवणारी पोरं उशिरा उठतात, त्यामुळे पहिल्या पोळ्या गार होतात. ह्यांचा गुडघा थंडीत दुखतो, बाकी तब्येत ठीक. शुक्रवारी सहा तारखेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदनेला गेले होते. तिथं तुमच्या नागापूरच्या बाया भेटल्या. तुझी चौकशी केली. तू शिवणकाम वाढवलंस असं कळलं, बरं वाटलं.

माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच ठेवून देशील असं वाटतं. तसं करू नकोस. पत्र तुझ्या शुभांगीबद्दल आहे. ती बरी आहे. थोडा अशक्तपणा आहे, इतकंच.

आधी एक सांगून टाकते. शुभांगी डी.एड.ला इथं आल्यापासून रविवारी माझ्याकडे जेवायला येते. तुला चोरून येते. तिच्यावर रागावू नकोस. होस्टेलच्या आमटीला कंटाळून आली एकदा, दारातून 'आत्या' अशी हाक मारली, मी ताट वाढलं. मी तिला परत पाठवायला हवं होतं का? मला नाही जमलं. जेवताना ती दादासारखी मान एका बाजूला झुकवते, ते बघत बसते मी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आली तेव्हा तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. म्हटलं, पोट बिघडलंय का? म्हणाली, "नाही गं आत्या, कमी करायचंय." मग हळूहळू सगळं बोलली. राहुरीचं स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, माणसं चांगली. त्यांनी सांगितलं, मुलगी पसंत आहे पण अंगानं जरा जास्त आहे, संक्रांतीनंतर परत बघू. आणि तू तिला सांगितलंस की तोपर्यंत वजन उतरव, आणि किती झालं ते दर पत्रात कळव.

वहिनी, तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. बापाविना मुलीचं लग्न करायचं म्हणजे काय, ते मला कळतं. तुझ्या जागी मीही तेच सांगितलं असतं.

पण पोरगी रोज वजन करते. बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात काटा आहे, कॉलेजला जाताना एकदा चढते आणि येताना एकदा. सकाळी कमी भरलं की दिवस चांगला जातो. संध्याकाळी थोडं वाढलेलं दिसलं की रात्री जेवत नाही. गेल्या आठवड्यापासून पाणीसुद्धा कमी पीत होती, कारण तिला कुणीतरी सांगितलं की पाण्यानं वजन वाढतं. आणि काल, रविवारी, माझ्या दारात चप्पल काढताना ती खाली पडली.

आता खरं लिहिते. वर अशक्तपणा लिहिला, तो एवढा थोडा नाही. चक्कर येऊन पडली, कपाळाला उंबरा लागला, दोन टाके घातले. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, रक्त कमी झालंय, आठ दिवस नीट खाऊ द्या, भरून येईल. ती माझ्याकडेच आहे. आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे. घाबरू नकोस, धोका काही नाही.

तुला फोन करणार होते. शेजारच्या दुकानातून तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात करता आला असता. पण फोनवर मला पुढचं बोलता आलं नसतं.

डॉक्टर टाके घालत होते आणि शुभांगी मला म्हणाली, "आत्या, आईला नको सांगू. अजून उतरायचंय एवढंच सांग."

वहिनी, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून.

दादाला किडनी द्यायची ठरली तेव्हा माझा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या, हे तुला माहीत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की बाईंचं वजन जास्त आहे, रक्तदाबही काठावर आहे, दहा किलो तरी कमी करा मग ऑपरेशन. तुला एवढंच माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण आम्ही दोघांनी ते तुझ्यापासून लपवलं.

त्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "आठवड्यातून एकदाच वजन करायचं. सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, त्याच एका काट्यावर. रोज चढायचं नाही. रोजचं वजन पाण्याचं असतं, मिठाचं असतं, बाईमाणसाला महिन्याच्या दिवसांचं असतं. ते बघून घाबरलात तर खाणं सोडाल, आणि रक्त गेलं तर माझ्या उपयोगाच्या राहणार नाही." मी मान डोलावली होती.

पण दादाला रोज वजन करायला लावलं होतं. तुला आठवत असेल, मोरीजवळ तो काटा ठेवलेला असायचा. अंगात पाणी किती साठलं ते बघायला त्याला रोज चढावं लागायचं. मी तुमच्याकडे आले की तो चढताना बघायची. तहान लागली तरी ओठ ओले करून भांडं खाली ठेवणारा माझा भाऊ. मला वाटायचं, तो रोज चढतो आणि मी आठवड्यातून एकदा? जिचं शरीर धडधाकट आहे तिनं आराम करायचा आणि त्यानं मरमर करायची?

म्हणून मी रोज चढायला लागले. खानावळीशेजारी धान्याची आडत आहे, तिथल्या पोती मोजायच्या काट्यावर. हमाल हसायचे. मग मी घरातच काटा आणला. सकाळी उठले की चढायची, दुपारची पंगत उठली की चढायची, दिवे लागले की परत. काटा जरा वर गेला की मला वाटायचं, मी दादाचा एक दिवस खाल्ला. मग त्या दिवशी चहासुद्धा घ्यायची नाही. हे ओरडायचे, "अगं डॉक्टर काय म्हणाले आणि तू काय करतेस?" मी ह्यांनाच दोन शब्द सुनवायची.

वजन उतरलं वहिनी. तुला वाटतं तसं नाही, माझं वजन उतरलं होतं. दहाच्या वर उतरलं होतं. मी नाचत पुण्याला गेले. दादाचं त्या दिवशी डायलिसिस होतं, तोही तिथंच होता. मला काट्यावर उभं केलं, सिस्टर हसली, म्हणाली, छान. मग रक्त घ्यायला बसवलं आणि मी खुर्चीवरून खाली गेले. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ह्या रक्तावर मी तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही. दोन-तीन महिने नीट खा. मग बघू."

दादा त्या दिवशी तुझ्याकडे यायचं सोडून मला सोडायला संगमनेरला आला. रात्री उशिरा घरी पोचला आणि तू त्याच्याशी भांडलीस, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. नारायणगावला एस.टी. थांबली तेव्हा त्यानं माझ्यासाठी दूध आणलं. मी रडत होते. तो म्हणाला, "पी आधी. मग रड."

मी म्हटलं, दादा, वहिनीला काय सांगायचं?

"काय न्हाई. अजून उतरायचंय एवढंच सांगू. तू पडलीस म्हनलं तर ती बिचारी घाबरंल. लई झालंय तिला आधीच. आन तुला न्हाई ते बोलंल, मग आयुष्यभर तोंड फिरवून बसाल दोघी."

मग थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जया, मला तुझी किडनी पाहिजे म्हनून तू न्हाई. तू पाहिजे म्हनून किडनी."

मला त्याचं बोलणं नीट कळलं नाही तेव्हा. आताही पुरतं कळलंय असं नाही. पण लक्षात राहिलं आहे.

घरी आल्यावर मी जेवायला लागले. काटा ह्यांनी उचलून नेला, कुठं दिला ते मी विचारलं नाही. बीट, खजूर, मेथी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, सगळं केलं. रक्त वाढत होतं. आणि दुसरा महिना संपायच्या आत दादाला तो ताप आला, जंतू रक्तात गेले आणि तो गेला.

दादाच्या जलदानविधीच्या दिवशी सगळ्या बायांसमोर तू म्हणालीस, "खानावळीत बसून खाणारीचं वजन कधी उतरणार? हिला द्यायचीच नव्हती. काट्याचं निमित्त होतं."

मी काही बोलले नाही. लोकांना वाटलं, खरं असेल म्हणूनच गप्प आहे. दादाला शब्द दिला होता, हे एक कारण. पण पत्रात खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून दुसरंही लिहिते. तुझं बोलणं अर्धं खरं होतं. मला द्यायची होती, मनापासून द्यायची होती. पण मला ऑपरेशनची भीती वाटत होती. पोट फाडणार, एका किडनीवर जगायचं, काही झालं तर ह्यांचं काय, असले विचार यायचे. दिवसभर काट्यावर चढउतर केली की ते विचार येत नव्हते. आकडा बघितला की वाटायचं, आपण काहीतरी करतोय. आठवड्यातून एकदाच चढले असते तर मधले सहा दिवस त्या भीतीशी बोलत बसावं लागलं असतं. ते मी टाळलं. सोमवारची वाट बघितली असती तर वजन हळूहळू उतरलं असतं, रक्त राहिलं असतं, ऑपरेशन कदाचित वेळेत झालं असतं. कदाचित नसतंही. डॉक्टर मला नंतर म्हणाले, असा हिशेब करू नका. पण तो होतोच.

आणखी एक गोष्ट राहून राहून सलते. त्या महिन्यांत दादा दोनदा इथं येऊन गेला. मुद्दाम आला होता, बसायला. म्हणायचा, "जया, बस की जरा." मी उभ्या उभ्या बोलायची आणि मध्येच आत जाऊन काट्यावर चढून यायची. त्याच्याबरोबर एकदाही जेवले नाही. त्याला बिनमिठाचं वाढायची आणि स्वतः भिंतीला टेकून बघायची. तो एकटा जेवला माझ्या घरात, दोन्ही वेळा.

तेवढ्यात शुभांगी उठली म्हणून पत्र ठेवलं होतं. आता दुपार झाली आहे. तिनं मुगाची खिचडी खाल्ली, अंडं खाल्लं. मग विचारलं, "आत्या, आज वजन किती भरेल गं?" मी तिला माझं सगळं सांगितलं, तुला वर लिहिलं तेच. तिनं खिचडीचं ताट मोरीत नेऊन ठेवलं. मग म्हणाली, "आईला हे माहीत नाही?" मी म्हटलं, नाही. "मग सांग," म्हणाली, "ती मला तुम्हा दोघींपैकी एकीला निवड म्हणते तेव्हा काय करावं कळत नाही मला." तू तिला असं म्हणाली होतीस हे मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

तिला डॉक्टरांनीही तेच सांगितलंय, वजन कमी करायचं तर सावकाश कर, आठवड्यातून एकदाच बघ, जेवण सोडू नको. ती करेल. तू फक्त पत्रात आकडा विचारू नकोस. त्याऐवजी काय खाल्लंस ते विचार. राहुरीच्या माणसांनी संक्रांतीनंतर तिला बघितलं आणि ती त्यांना जास्तच वाटली, तर वाटू दे. हे बोलायचा मला हक्क आहे का, ते तू ठरव. मी बोलले.

तिला न्यायला तू ये. तुषारला पाठवू नकोस. नगरहून दुपारची गाडी इथं चारच्या सुमाराला पोचते, मी स्टँडवर उभी राहीन. आल्यावर मी काही समजावत बसणार नाही, पत्रात लिहिलंय तेवढंच माझ्याकडे आहे. तुला आणखी बोलायचं असेल तर बोल. लोकांसमोर बोललीस तरी चालेल. पण बसून बोल. मीही बसेन या वेळी, आत जाणार नाही. मग तिघी जेवू. तू माझ्या हातचं जेवणार नाहीस असं वाटतं मला. नाही जेवलीस तरी तुझं ताट मी वाढीन.

तुषारला आशीर्वाद.

तू मान किंवा मानू नकोस, तुझीच नणंद,
जयमाला