लाल डोळा
वाशी, शनिवार, एप्रिल १९८४

आज प्रिंट मिळाल्या. पण आनंद कसला करायचा?

तळवलीमागच्या बंद मिठागरात शेकाट्या पक्ष्यांची घरटी होती. तिथे भराव पडणार हे कळलं, तेव्हा वाटलं, फोटो पाहून तरी भरावाचे साहेब पिल्लं उडेपर्यंत थांबतील. पण कंपनीत सध्या रविवारीही सकाळची पाळी. फोटो काढायचे ते संध्याकाळीच, सूर्य खाडीवर थेट समोर असताना. चकाकत्या पाण्याला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि पक्षी काळाठिक्कर येतो. पहिला रोल सगळा तसाच गेला. सुमन म्हणाली, "अहो, हे कावळे दाखवून भराव थांबवणार?"

दुसऱ्या रोलला मीटरचं ऐकलं नाही. भिंग दोन स्टॉप जास्त उघडलं, म्हणजे चौपट उजेड आत घेतला. आकाश पार पांढरं झालं, पण पक्ष्याचा डोळा आला. लालभडक डोळा! हे आधी का नाही सुचलं मला?

स्टुडिओतून तशीच सायकल दामटली. मिठागरावर डंपर उभे होते. पाणी, बांध, घरटी, सगळं मातीखाली.

पूर्वी तिथे मीठ ओढणारी हिराबाई बघायला आली होती. फोटो तिच्या हातात दिला.

"डोला लाल हाय यांचा? मना कवा दिसलाच नाय."

बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "पोरं उडाली व्हती ना, दादा?"

"हो," म्हणालो.

मागच्या शनिवारी तर अंडीच होती.