बारा मिनिटांचा कॅप्टन

रविवार, १० मे. बर्गन बंदर. सकाळी ११:४०.
'सोल्वँग'वर दाखल झालो. जहाज छोटं, अकरा केबिनचं. वारा वायव्येचा, मंद. तब्येत उत्तम.

सिग्वेने मला का बोलावलं ते एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. हा सोळा वर्षं माझ्या फेरीबोटीवर गाड्या लावायच्या कामाला होता, आता या जहाजाचा कॅप्टन आहे. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. म्हणाला, "कॅप्टन, मेमध्ये आठवडाभर आमच्या जहाजावर या ना. तुम्ही असलात तर वाईट वाटणार नाही." आमच्या भागात 'वाईट नाही' याच्या वर कौतुक नाही. लग्नात सासरे माझ्याबद्दल एवढंही बोलले नव्हते. म्हणजे सिग्वेला अनुभवी माणूस हवाय आणि मागायला लाजतोय. काम काय, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. असल्या गोष्टी आमच्याकडे बोलत नाहीत.

पण कार्यक्रमपत्रिका बोलते. शेवटचा मुक्काम रविवार, १७ मे, स्कारव्हीक. माझा धक्का! हेस्टनेस ते स्कारव्हीक, या काठावरून त्या काठावर, बारा मिनिटं, एकतीस वर्षं. त्या धक्क्यापाशी पाण्याला एक ओढ आहे, ती माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. सप्टेंबरात पूल झाला आणि बोट बंद पडली. सिग्वे तिथे सुकाणू माझ्या हाती देणार हे उघड आहे. १७ मे म्हणजे नॉर्वेचा राष्ट्रीय दिन, सगळं गाव धक्क्यावर. पुलाला टाळ्या वाजवणाऱ्यांनी डोळे भरून बघावं.

प्रवाशांच्या यादीत माझं नाव सातवं आहे. कारकुनी चूक. यादी करणारी पोरगी नवीन दिसते, म्हणून बोललो नाही.

निश्चय: १) रोज सकाळी सहाला सुकाणूपाशी हजर. २) जेवण स्वतःचं. तपकिरी चीज घातलेले बावीस पाव कागदात बांधून आणलेत. कामावरच्या माणसाने पाहुण्यांच्या ताटावर ताव मारू नये.

संध्याकाळी ६:००.
बॅग उघडली. बॅग बायकोने, बोर्गहिल्डने भरलेली. वर राष्ट्रीय दिनाचा पोशाख, खाली मुठीएवढी पिवळी लोकरीची टोपी. थर्माससाठी विणलेली दिसते. झाकणावर नेमकी बसते. बोर्गहिल्ड बोलत नाही, पण माझ्या कॉफीची तिला काळजी आहे.

सोमवार, ११ मे. सकाळी ६:००.
सुकाणूपाशी हजर. सिग्वेला तीन सूचना केल्या. तिन्हींना तो श्वास आत ओढत "हो" म्हणाला. असा आत ओढलेला हो म्हणजे पक्की संमती. बोर्गहिल्ड मला चाळीस वर्षं असाच हो म्हणत आली आहे. नंतर त्याने जहाज होतं तसंच नेलं. सूचना मुरायला वेळ लागतो.

मग म्हणाला, "कॅप्टन, खाली सलूनमध्ये कॉफी जास्त गरम असते." अर्थ कळला. प्रवाशांवर लक्ष ठेवायला कोणीतरी भरवशाचं हवं.

दुपारी ३:००.
एक किरकोळ नोंद. बसलो की बारा मिनिटांनी मी आपोआप उठून दाराकडे चालू लागतो. शरीराला शिस्त आहे. शेजारच्या खुर्चीवर फ्राउ केस्लर नावाच्या जर्मन बाई असतात, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेल्या. पाचव्यांदा उठलो तेव्हा त्यांनी हळूच एक गोळी पुढे केली. म्हणाल्या, "लाजू नका हो. माझ्या मिस्टरांनाही या वयात हाच त्रास होता. रात्री किती वेळा उठता?" मी म्हणालो, मी कॅप्टन आहे. त्या म्हणाल्या, "तेही होते, बँकेत."

मंगळवार, १२ मे.
फिओर्ड, ही डोंगरांमधली खाडी, लांबीने बघायची माझी ही पहिलीच वेळ. एकतीस वर्षं मी तो आडवा ओलांडला. लांबीने तो फार लांब आहे. इतक्या लांबीची गरज नव्हती.

प्रवाशांना माहिती द्यायचं काम अंगावर घेतलं. एका धबधब्याचं नाव सांगितलं. फ्राउ केस्लर यांच्या नकाशात ते नाव पुढच्या खाडीतल्या धबधब्याला होतं. नकाशे हल्ली कोणीही छापतं.

बाईंना विचारायची फार सवय. घरी कोण कोण, म्हणाल्या. सांगितलं: बायको, एक मुलगी रांग्ना, तिची मुलगी इदुन. इदुन जानेवारीत झाली. स्कारव्हीकला राहतात.
"अय्या, म्हणजे तुमच्या समोरच! मग रोज भेट होत असेल."
अजून भेट झालेली नाही, असं सांगितलं. मध्ये पूल आहे.
बाईंना कळेना. पूल आहे म्हणूनच तर जाता येईल ना, म्हणाल्या. मग मी तत्त्व समजावलं. पूल उघडला त्या दिवशी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर अकरा माणसांसमोर मी बोललो आहे: या पुलावर माझं पाऊल पडणार नाही. घरची होडी आहे, पण तिचं इंजिन ऑक्टोबरपासून तळघरात सुटं पडलंय. दुरुस्ती घाईने करू नये. खाडीला वळसा घालून रस्ता आहे, तीन तासांचा. पण त्या रस्त्याने जाणं म्हणजे पूल टाळतोय हे कबूल करणं. रांग्ना म्हणते, "आधी आजोबा इकडे येणार, मग नात तिकडे जाणार. मी तुझीच मुलगी आहे, बाबा." हट्टी आहे. कोणावर गेली कोण जाणे.

बाईंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "चार महिन्यांची झाली की हो ती."
मी बारा मिनिटं व्हायच्या आतच उठलो.

बुधवार, १३ मे. स्टाडचा उघडा समुद्र.
८:१०. लाटा दोन मीटर. प्रवाशांना धीर यावा म्हणून डेकवर उभा.
८:२२. सलूनमध्ये आलो. धीर इथूनही देता येतो.
८:३४. चीज शिळं होतं.
८:४६. बादली.
८:५८. बादली.
११:३०. फ्राउ केस्लर यांनी माझं कपाळ धरलं. मी त्यांना सांगितलं की आमच्या फिओर्डला लाटा नसतात, त्यामुळे हा अनुभव कामाच्या कक्षेबाहेरचा आहे. "हो हो, आता मान खाली घाला," म्हणाल्या. सिग्वे येऊन गेला. म्हणाला, "क्षितिजाकडे बघत राहा, कॅप्टन." हे वाक्य त्याच्या पहिल्या आठवड्यात मीच त्याला शिकवलं होतं. तेव्हा मला ते पुस्तकातून माहीत होतं.
उरलेले पाव माशांना दिले.

गुरुवार, १४ मे. ओलेसुंद.
निश्चय क्र. २ मध्ये दुरुस्ती: प्रवाशांच्या जेवणाची चव तपासणं हाही कामाचाच भाग आहे. तीनदा तपासली.

बोर्गहिल्डचा फोन. ती एक दिवसाआड सायकलवरून पूल ओलांडून तिकडे जाते. मी त्याबद्दल बोलत नाही, तीही सांगत नाही, फक्त हेल्मेट दारात ठेवते. आज म्हणाली, "इदुन पालथी पडली. आपली आपण. कोणी बघत नव्हतं तेव्हा."
मी म्हणालो, बरं.
"बरं काय? अरे, पूल तुझ्या नाकावर टिच्चून बांधलेला नाही, आयलर्ट. लोकांना दवाखान्यात जायचं असतं."
मी म्हणालो, इथे वारा आहे, नीट ऐकू येत नाही. वारा नव्हता.
तिने फोटो पाठवला. फोनचा पडदा फार लहान आहे. मोठा करून पाहिला की नुसता गाल दिसतो. बराच वेळ पाहिला. मला ती हवीय. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

शुक्रवार, १५ मे.
रविवारच्या धक्क्याचा सराव. लोण्याची डबी म्हणजे जहाज, पावाची टोपली म्हणजे स्कारव्हीक. सहा वेळा लावली. पाच वेळा उत्तम. फ्राउ केस्लर यांनी सहाव्या वेळी टोपली हलवली.

मोठे धबधबे आले. सगळे प्रवासी एका बाजूला धावले. मीही गेलो, जहाजाचा तोल बघायला. खरं सांगायचं तर सुंदर होतं. मी दोन वेळा "वाईट नाही" म्हणालो, आणि माझ्यासारख्या माणसाने एका दिवसात दोनदा म्हणणं म्हणजे कहर झाला.

शनिवार, १६ मे.
शेवटी सिग्वेला सूचक शब्दांत विचारलं: उद्या स्कारव्हीकला मी किती वाजता यावं?
तो म्हणाला, "नाश्ता आठला आहे."
समजलो. साडेनऊला पोचतो, म्हणजे पोटभर खाऊन ताज्या हातांनी यावं. पुढे म्हणाला, "आणि कॅप्टन, पोशाख घाला हं. रांग्नाला आवडेल." रांग्नाचं नाव त्याने का काढलं कोण जाणे. दोघं एका वर्गात होते म्हणून असेल.

रविवार, १७ मे. सकाळी ९:०५.
पोशाखाच्या जाकिटाची बटणं लागत नाहीत. खाऱ्या हवेने कापड आटतं. फ्राउ केस्लर यांनी मागून सेफ्टी पिन लावली. वर गेलो.

९:४०.
सिग्वेने सुकाणू सोडलं नाही.
मी शेजारी उभा राहिलो. हात पुढे केला, मग खिशात घातला. ती ओढ लागली तशी त्याने जहाजाचं नाक जरासं डावीकडे काढलं आणि ते धक्क्याला असं टेकलं की कपातली कॉफी हलली नाही. माझ्या वेळी धक्क्याला दणका बसायचा. लोक त्या दणक्यावर गाड्या सुरू करायचे, म्हणून मी तो कधी दुरुस्त केला नाही.
मी म्हणालो, "वाईट नाही."
सिग्वे कानापर्यंत लाल झाला. मग रस्सी बांधायचा हुकूम देऊन, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कॅप्टन, तिकीट रांग्नाने काढलं होतं. म्हणाली, बाबांना काही सांगू नकोस. पुलावरून ते यायचे नाहीत, पण पाण्यावरून येतील."
म्हणजे यादीतलं सातवं नाव बरोबर होतं.

बँड धक्क्याकडे तोंड करून उभा होता. राष्ट्रीय दिनाला तो असतोच. बँडपुढे रांग्ना उभी होती, बाबागाडी घेऊन. मी उतरलो. ती म्हणाली, "आलास?" मी श्वास आत ओढत हो म्हणालो. मग तिने बाबागाडीत पाहिलं. "टोपी कुठाय? आईने तुझ्या बॅगेत दिली होती ना?"
थर्मास पुढे केला. तिने झाकणावरची टोपी काढली, हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच इदुनच्या डोक्यावर घातली. नेमकी बसली. इदुनने मला बघितलं आणि भोकाड पसरलं.

संध्याकाळी ७:३०. घरी.
मिरवणूक झाली, आइस्क्रीम झालं, पोरगी झोपेना. रांग्ना म्हणाली, "बाबा, गाडी चालती ठेवलीस तरच ती झोपते. थांबलास की उठते." मी गाडी हातात घेतली. गावातून गेलो, मग मिळेल तो सपाट रस्ता धरला. ती डोळे मिटत होती, माझं सगळं लक्ष तिच्या पापण्यांकडे. हवेला लोकर आणि कॉफीचा वास. रस्ता चांगला होता. गुळगुळीत, उतार नाही, दोन्ही बाजूंना कठडा.

"कॅप्टन, हेस्टनेसला की स्कारव्हीकला?"
मान वर केली. कॉफीच्या टेबलावरचे अकराही जण कठड्याला टेकून आइस्क्रीम खात उभे होते. खाली पाणी. मी पुलाच्या बरोबर मध्यावर होतो.
थांबलो असतो तर ती उठली असती. "हळू बोला," म्हणालो. "ती झोपलीय." आणि चालत राहिलो. आमच्या टोकाला बोर्गहिल्ड फाटकात उभी होती. मी गाडी वळवली.

नोंद:
स्कारव्हीक–हेस्टनेस. सुटलो ४:१०, पोचलो ४:२२. बारा मिनिटं. प्रवासी एक.
हेस्टनेस–स्कारव्हीक. सुटलो ४:२२, पोचलो ४:३४. प्रवासी झोपलेली.
एकूण फेऱ्या नऊ, शेवटची घरी, प्रवाशाविना. दणका एकही नाही.
उद्याची पहिली फेरी दहाला. रांग्नाने विचारलंय. वेळेवर सुटेल.